पलटणीचा देव

परीक्षेचे दिवस आले की श्रीगोंद्याच्या हवेत मळीचा वास जड होतो. कारखान्यांचा हंगाम संपत आलेला असतो, उसाच्या शेवटच्या गाड्या रस्त्यावर पाचट सांडत जातात, आणि आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या व्हरांड्यात बारावीची पोरं-पोरी गाइड हातात धरून फेऱ्या घालतात. जवळून गेलं की पुटपुटणं ऐकू येतं. राजपुत्राचा खून, गुप्त तह, शस्त्रांची स्पर्धा, आक्रमक राष्ट्रवाद. पहिल्या महायुद्धाची चार कारणं, चार गुण. बावीस वर्षं मी हा इतिहास शिकवते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं मी या चार कारणांवर सुखाने जगले. उंटावरून शेळ्या हाकायला इतिहासाइतका सोयीचा विषय दुसरा नाही.

‘पहिले महायुद्ध युरोपात झाले’ असं सराव परीक्षेच्या पेपरात कुणी लिहिलं, की पूर्वी मी डोळे मिटून बरोबरची खूण करायची. आता तिथे लाल शाईने ‘आणि?’ असं लिहिते. पोरं वैतागतात. एक मुलगी परवा पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, गाइडमधी एवढंच हाय.” मी म्हटलं, गाइडमध्ये तेवढंच आहे हे खरं, पण तुझ्या गावात एखादा लेख कोरलेला दगड आहे का बघ. तिने पेपरची घडी घातली. उन्हाचा त्रास झाला असेल बाईंना, असं तिला वाटलं असणार.

त्या ‘आणि’चं मूळ पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका परीक्षेत आहे. तेव्हा माझी नेमणूक काष्टीच्या पुढच्या एका गावी, बारावीच्या केंद्रावर झाली होती. पेपर दोनला सुटायचा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून जीप अडीचला निघायची, आणि माझी एसटी साडेचारला. मधले दोन तास घालवायचे कुठे, तर शाळेसमोरच्या पारावर. पारावर मोठा लिंब. त्याची पानगळ चालू असायची, आणि त्याच फांद्यांवर तांबूस कोवळी पालवी. समोर खळ्यात ज्वारीची मळणी, हवेत भुसा, घशात खवखव. मी डबा उघडायची, आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई मला तांब्याभर पाणी आणून द्यायच्या. साठी ओलांडलेल्या, सडपातळ, चालणं झपाट्याचं. नवरा वारलेला, मुलगा चाकणला कंपनीत. बोलायला लागल्या की हातातलं काम थांबायचं नाही; एकीकडे तांदूळ निवडत दुसरीकडे माझी उलटतपासणी. पगार किती ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. सासू कशी आहे ते दुसऱ्याच दिवशी विचारलं.

त्या लिंबाच्या बुंध्याशी कंबरेएवढा उंच देव होता. शेंदराने इतका माखलेला, की नाक-डोळे असतील तर कुठे, हे शोधूनही सापडलं नसतं. पलटणीचा देव. सैन्यभरतीची तयारी करणारे पहाटे पळायला निघाले की आधी त्याच्या पाया पडत. गावाच्या चैत्रातल्या जत्रेत पहिला मान याचा, आणि तो मान तेरा घरांचा. प्रत्येक घराने एकेक नारळ वाढवायचा, पहिला थोरल्या आळीतल्या आप्पांनी. तेराच घरं का, याचं उत्तर गावात सगळ्यांना पाठ होतं. फार मागे, इंग्रजाच्या काळात, या घरांतले तेरा जण मोठ्या लढाईला गेले होते. बारा परतले, आप्पांचा आजोबा तिकडेच पडला, आणि परतलेल्यांना या देवाने राखलं.

ही माणसं गावाने किती जपून ठेवली होती ते ऐकून मला माझ्या पदवीची लाज वाटली. एकाने इराकातल्या बसऱ्याहून तांब्याची किटली आणली आणि गावात पहिला चहा उकळला. एकाचा अंगठा तिकडे राहिला, पण तो मरेपर्यंत पैज लावून नांगर धरायचा. एक जण बैलांना इंग्रजीत हुकूम सोडायचा आणि बैल म्हणे ऐकायचेसुद्धा. आपल्याकडची बसराई केळी त्यांच्यातल्याच एकाने आणली, असंही मला ठासून सांगण्यात आलं. त्याला पुरावा काही नाही. पण त्या दुपारपासून ते केळं मी नुसतं केळं म्हणून खाऊ शकलेले नाही.

आणि आप्पांच्या देवघरात एक देवी होती. तळहाताहून मोठी, गोल, पितळी तबकडी; तिच्यावर उभी एक बाई आणि तिच्या पायाशी सिंह. सिंह म्हटल्यावर अंबाबाईच की. पिढ्यान् पिढ्या हळदकुंकू वाहून सिंहाची आयाळ गुळगुळीत झालेली. मी चष्मा पुसून पाहिलं, तर कडेने इंग्रजी अक्षरं आणि मधल्या चौकटीत आप्पांच्या आजोबांचं नाव. महायुद्धात मेलेल्यांच्या घरी विलायतेचं सरकार पाठवायचं ती स्मरणाची तबकडी. आप्पांना तसं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “आसंल. पन नवसाला पावती.”

कौसाबाईंचं घर मात्र या तेरांत नव्हतं. का नव्हतं, ते मला तांदूळ निवडता निवडता त्यांनीच सांगितलं, डोळे सुपावर ठेवून.

“आमचं चौदावं घर. आमचा आजेसासरा बी गेल्ता त्यांच्यासंगं. त्यो आला न्हाई, आन् मेल्याचा सांगावाबी आला न्हाई. मग गाव म्हनलं, पळाला. तिकडं दुसरी बाई केली म्हनं. तवापसून आमी पळपुट्याचं. मी नवी नवरी ह्या गावात आले ना मॅडम, तर हिरीवर बाया इचारायच्या, कुनाची गं तू? पळपुट्याची व्हय?”

शंभर वर्षं. मेलेल्याला गाव विसरतं, पळालेल्याला विसरत नाही. कौसाबाईंची आजेसासू टोमण्यांना कंटाळून लेकरू कडेवर घेऊन नेवाशाला माहेरी गेली आणि तिथेच दहा वर्षं राहिली. त्या काळात सरकारचं काही टपाल इथल्या पत्त्यावर आलं असेल, तर ते कुणी घेतलं, कुठे गेलं, कोण सांगणार. म्हातारी परत आली ती कपाळावर कुंकू घेऊन. ते तिने शेवटपर्यंत पुसलं नाही. पुसावं तर तो मेला म्हणावं लागतं, ठेवावं तर तो पळाला म्हणावं लागतं. कौसाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा म्हातारी पंचाहत्तरीची होती, आणि दोघी पहाटे एका जात्यावर बसायच्या. म्हातारीची एक ओवी कौसाबाईंनी मला तिथेच, पारावर, हलक्या आवाजात म्हणून दाखवली :

सातासमुद्रापल्याड बाई बसऱ्याचं रान
माझ्या धन्याच्या पायानं तिथल्या काट्याला आला मान

मी एम.ए.ला असताना युरोपातल्या खंदकांविषयी पुष्कळ वाचलं होतं. चिखल, उंदीर, काटेरी तारा, विशीत मेलेली शिकलेली मुलं आणि त्यांच्या कविता. वाचताना रडलेही होते. आपल्या माणसांना लिहिता येत नव्हतं म्हणून आपल्याकडे या युद्धाचं वाङ्मय नाही, असं वाक्य मी एका निबंधात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं आणि त्याला चांगले गुणही पडले होते. ते वाक्य त्या दुपारी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. वाङ्मय होतं. जात्याच्या खुंट्याला धरून बसलं होतं, आणि आम्ही ग्रंथालयात शोधत होतो.

आणखी एक गोष्ट मला कायम चक्रावून टाकते. ज्या वर्षांत ही माणसं बसऱ्याच्या वाळूत होती, त्याच वर्षांत इंग्रजांनी पकडलेले जर्मन आमच्या नगरच्या छावणीत बंदिवान होते. आमचा शेतकरी तिकडे उन्हात, त्यांचा माणूस इकडे उन्हात. युद्ध युरोपात झालं म्हणे.

देवाच्या छातीशी शेंदराचा एक पापुद्रा सुटला होता. हिंदीच्या पेपरच्या दिवशी उन्हाची तिरीप नेमकी तिथे पडली आणि मला कोरलेल्या अक्षराचा एक कोपरा दिसला. मग मला बसवेना. अशा शिळांविषयी मी वाचलं होतं. लढाईनंतर सरकारने गावोगाव बसवल्या, नावं नाहीत, फक्त आकडे : या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. इथली शिळा पारावर उभी राहिली, वाचणारे कुणी नव्हते, कुणा आईने किंवा बायकोने तिला पहिलं कुंकू लावलं असेल, पुढच्या अमावस्येला कुणी तेल वाहिलं असेल. बघता बघता दगडाचा देव झाला. आपल्याशिवाय ही चूक जगात कुणी करणार नाही, आणि मला अजून कळत नाही की तिला चूक म्हणावं का.

मी हे पारावर बोलून बसले. दुसऱ्या दिवशी गावाने मला घेरलं. आप्पा सगळ्यांत पुढे. पांढरी टोपी, आवाज बसका. “मॅडम, तुमी शिकल्याल्या हायेत. पन आमच्या देवाला दगड म्हनू नका.”

मी सारवासारव केली. गर्दी पांगल्यावर कौसाबाई आल्या. त्यांच्या हातात त्या दिवशी सूप नव्हतं.

“मॅडम, त्यावर किती मेलं त्ये लिवल्यालं असतंय?”

“बहुतेक असतं.”

“मग एक लिवलंय का दोन, तेवढं कळंल.”

हिशोब त्यांनी माझ्याआधी मांडला होता. गेले चौदा. परतलेले बारा, एकेकाची गोष्ट गावाला पाठ. न आलेले दोन. दगडावर ‘एक’ असेल, तर सरकारनेही त्यांच्या माणसाला मेलेल्यांत धरलं नव्हतं. ‘दोन’ असेल तर दुसरा तोच, दुसरं कुणी उरतच नव्हतं. मी त्यांना सांगितलं की बाई, एक निघालं तर आजवर जे नुसतं बोललं जात होतं त्यावर दगडाचा शिक्का बसेल. झाकली मूठ राहू द्या.

“पन्नास वर्सं मी त्या देवाला पानी घालतीया,” त्या म्हणाल्या. “एक असंल तर एक. कळू द्या एकदाचं.”

देवाचं शेंदराचं कवच उतरवायचं म्हणजे देवाची परवानगी हवी; देव हो म्हणाला तर आपली ना नाही, एवढं आप्पांनी कबूल केलं. ती मागायचा रिवाज ठरलेला. देवाची पूजा करणारे गुरवतात्या ओल्या ज्वारीचे दोन दाणे देवाच्या अंगाला उजवी-डावीकडे चिकटवणार, गाऱ्हाणं घालणार. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मराठीच्या पेपरच्या दुपारी कौल लावला. तात्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हणाले, “देवा, मॅडमची इच्छा हाय का तुजं कवच उतरावं. काय असंल ते सांग.” भुशाचा एक झोत आला. डावा दाणा पडला.

माझी मान खाली गेली. आप्पांनी टोपी नीट केली. कौसाबाई मात्र तात्यांवर उखडल्या. दोघांची लेकरं एका वर्गात शिकलेली, त्यामुळे भीडभाड नव्हती.

“आरं, त्याला मॅडमची इच्छा कशापाय सांगतुयास? मॅडम त्याच्या कोन लागत्यात? तुजं गाऱ्हानंच चुकलं.”

देवाला एका दिवशी दोनदा विचारत नाहीत. मग भूगोलाच्या पेपरपर्यंत थांबणं आलं. ते चार-पाच दिवस मला वर्गात पर्यवेक्षण करवेना. समोर पोरं प्रश्नपत्रिकेवर ओठ चावत होती आणि मी कोऱ्या कागदावर चौदा वजा बारा मांडत होते. बारावीत असतानाही मला इतकी भीती वाटली नव्हती. एका म्हाताऱ्या बाईच्या घराण्याचा निकाल लागणार होता, आणि पेपर शंभर वर्षांपूर्वी लिहून झालेला होता.

भूगोलाच्या दिवशी गाऱ्हाणं कौसाबाईंनी सांगितलं तसं घातलं. तात्या म्हणाले, “देवा, घरचं मानूस लई दिस बाहेर हाय. त्याला घरात घ्यायचंय. तुला ठाव हाय त्ये सांग.”

उजवा दाणा पडला. इतक्या झटकन पडला की कुणाला हात जोडायलाही वेळ मिळाला नाही. तात्यांनी दाणा जड चिकटवला होता की हलका, ही शंका मी इतिहासाची बाई असूनही घेतलेली नाही.

कवच उतरवायला दोन दुपारी गेल्या. कोमट तेल मुरवायचं आणि बाभळीच्या चपट्या काडीने पापुद्रा सोडवायचा. लोखंड लावायचं नाही. थरांखाली थर, कुठला केशरी, कुठला तांबडा, मध्येच चांदीच्या वर्खाचा तुकडा, एकदा तर एक जुना मणी निघाला. निघालेला शेंदूर बाया परातीत गोळा करत होत्या, नदीला सोडायला. आधी वरची ओळ आली, गावाचं नाव. मग ‘महायुद्ध’ आणि १९१४ ते १९१९. त्याखाली १४. चौदा हा आकडा दिसला तेव्हा गर्दीत कुजबुज झाली, कारण मान तेरांचा होता. म्हणजे सरकारदरबारी तरी चौदावं घर कधी मोजणीतून गळलं नव्हतं. शेवटची ओळ सगळ्यांत खाली. वरचं तेल शंभर वर्षं तिथेच ओघळलेलं, त्यामुळे शेंदूर चार बोटं जाड. तिथे काडी आप्पांनी माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, अडवतायत. पण ते खाली बसले आणि स्वतः कोरू लागले. प्राण दिलेल्याचं घर म्हणून त्यांना पहिला नारळ होता; तो मान एकट्याचा राहतो की नाही, हेही त्याच ओळीत होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातून कळलेलं त्यांना चाललं नसतं.

ते सावकाश कोरत होते. ‘पैकी’ आलं. मग आकडा. आप्पांनी धोतराच्या सोग्याने तो पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला.

“वाचा मॅडम,” ते म्हणाले. त्यांना वाचता येत होतं.

“दोन,” मी म्हटलं. “पैकी दोन माणसांनी प्राण दिले.”

कौसाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, जवळ आल्या, आणि त्या आकड्यावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. “पुन्यांदा वाचा,” म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. आप्पा बोटांच्या पेरांवर घरं मोजत होते. किटलीवाला, अंगठ्यावाला, बैलवाला, बारा परतले, एक आपला. तेराव्या पेराशी थांबले आणि मोजणी सोडून दिली. “शंबर वर्सं चुकलो आमी,” ते कौसाबाईंकडे न बघता म्हणाले. मग त्यांच्याकडे बघून तेच पुन्हा म्हणाले. मला वाटतं, गावाच्या त्या शंभर वर्षांत एवढं मोठं वाक्य पारावर कुणी उच्चारलं नसेल.

शेंदूर पुन्हा लागला, पण गावाने त्यातून मधला मार्ग काढला. डोक्याला शेंदूर, छातीवरची अक्षरं मोकळी. आता तो देवही आहे आणि पुरावाही. मला अशी शिळा कुठल्या संग्रहालयात मिळाली नसती.

जत्रा चैत्रात. परीक्षा संपलेली, तपासायचे गठ्ठे घरी पडलेले, आणि मी एसटीने पुन्हा त्या गावात. ढोल, हलगी, शेव-रेवड्यांच्या गाड्यांवरचा तेलाचा धूर, उन्हात चकाकणारे फेटे. रिवाज असा, की मानकऱ्याने नारळ हातात घेऊन लढाईला गेलेल्या आपल्या माणसाचं नाव पुकारायचं आणि मग वाढवायचा. आप्पांनी त्या वर्षी पहिला नारळ घेतला, आणि दुसरा तात्यांकडून मागून कौसाबाईंपुढे धरला. दुसरा. चौदावा नव्हे. प्राण दिलेल्यांची घरं पुढे, हा निर्णय त्यांनी कुणाला न विचारता तिथेच घेतला.

कौसाबाईंच्या मुलाला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती. गुरवतात्या हळूच म्हणाले, “वहिनी, बाईमानूस नारळ वाढवत न्हाई. मी वाढवतो, तुमी हात लावा.” आणि नावाचा प्रश्न होताच. थोरल्या माणसाचं नाव सुनेने तोंडातून काढायचं नाही. म्हातारीने धन्याचं नाव जन्मात घेतलं नाही, ओवीतही नाही. सुनेने घेतलं नाही, नातसुनेने घेतलं नाही. त्या घरातल्या बायकांनीच त्या माणसाला सांभाळलं होतं, आणि त्याचं नाव मात्र शेताच्या जुन्या कागदावरच राहिलं, त्यांच्यातल्या एकीच्याही जिभेवर कधी आलं नव्हतं.

हलगी थांबली. कौसाबाईंनी नारळ आप्पांच्या हातातून घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि घशाच्या शिरा ताणून त्या ओरडल्या.

“राणू बिन धोंडीच्या नावानं!”

नारळ एका दणक्यात फुटला. मग आप्पांचा बसका आवाज उठला, “चांगभलं!” आणि त्याच्यामागून सगळं गाव, पारावरचं, गाड्यांवरचं, लिंबाच्या फांद्यांवर चढून बसलेलं, एका आवाजात, चांगभलं. पाणी कौसाबाईंच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि त्या हसत होत्या.

इतिहासाच्या माणसाने तटस्थ असावं, असं मी दरवर्षी जूनमध्ये पहिल्याच तासाला शिकवते. त्या दिवशी मी इतकी ओरडले की पुढे तीन दिवस मला आवाज नव्हता.